होळी ते महाराष्ट्र दिन : आपल्या जमण्याचा इतिहास



ज्वारी-गहू घरात आला, हरभऱ्याची रास झाली, की आपल्या वाळूज भागात जमण्याचे दिवस सुरू होतात. होळी झाली की पाचव्या दिवशी रंगपंचमी, आणि तिच्या दुसऱ्याच दिवशी पैठणची नाथषष्ठी. त्याच्या आगेमागे ८ मार्चचा महिला दिन आणि १० मार्चला सावित्रीबाईंची पुण्यतिथी. मग गुढीपाडवा. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी चैत्रगौर बसते, ती अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर. मधे ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, चैत्री पौर्णिमेला खुलताबादचा भद्रा मारुती. शेवटी १ मे, महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि ग्रामसभेचा दिवस.

ही यादी तुम्हाला पाठ आहे. गटाच्या बैठकीत ती फळ्यावर लिहिता येईल. आज आम्ही सांगणार आहोत ते वेगळं. या प्रत्येक ठिकाणी बाई आज बसते, चालते, बोलते. ती जागा तिला कशी मिळाली, कुणी मिळवून दिली, आणि कुठली जागा अजून रिकामी पडली आहे, त्याचा हा इतिहास.

आधी एक साधा प्रश्न. हे सगळं फाल्गुन-चैत्रातच का येतं? कारण शेताचं गणित. रब्बीची काढणी झालेली असते आणि पेरणीला मृग लागायचा असतो. या मधल्या दिवसांत पूर्वी बैलांना विसावा मिळायचा, गड्यांना फुरसत मिळायची. म्हणून जत्रा याच दिवसांत भरायच्या. बाईला मात्र तेव्हाही रिकामपण नव्हतं. कुरडया, पापड, शेवया, वर्षाच्या डाळी, तिखट-मसाला, सगळं उन्हाळ्यातच. पण एक गोष्ट चांगली होती. कुरडयांचा चीक एकटीनं घाटता येत नाही. आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या गच्चीवर, असं सावडीनं काम चालायचं. ज्या बाईला देवळात जायची परवानगी नव्हती, तिलाही शेवया करायला शेजारी जायची परवानगी होती. तिथंच सुखदुःख बोललं जायचं. बचत गटाची पहिली बैठक आपण कुठल्या सालात घेतली ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. पण बायकांनी एकत्र बसून काम वाटून घ्यायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आता पैठणला जाऊ. फाल्गुन वद्य षष्ठीला, सन १५९९ मध्ये, संत एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीची ही यात्रा. षष्ठीला सुरू होते आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटून संपते. गावोगावच्या दिंड्या येतात. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः चालल्या आहेत.

नाथांच्या दोन गोष्टी घरोघर सांगतात. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं महाराचं लेकरू त्यांनी कडेवर उचलून घेतलं, ही एक. दुसरी श्राद्धाची. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास घेऊन रस्त्यानं जाणारं महाराचं कुटुंब थबकलं, तेव्हा नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. मग ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक झाला, तरी ते जेवायला आले नाहीत. गोष्ट सांगताना नाथांचं मोठेपण आपण सांगतो आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी चूल दोनदा पेटली. दोनदा रांधलं कुणी? गिरिजाबाईंनी. त्या नाथांच्या पत्नी, वैजापूरकडच्या. गाव वाळीत टाकील हे ठाऊक असताना त्यांनी पुन्हा पीठ मळायला घेतलं. कथेत त्यांच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं. आपण ती गोष्ट पोरांना सांगू तेव्हा गिरिजाबाईंचं नाव घेऊन सांगू या.

नाथांनी भारुडं लिहिली. त्यांत जोशी आहे, वासुदेव आहे, महार आहे आणि सासुरवाशीणही आहे. त्या काळी मोठं ज्ञान संस्कृतात असायचं आणि ते बायकांच्या कानावर पडू नये अशी व्यवस्था होती. नाथांनी ते चौकात आणलं, आपल्या बोलीत आणलं. भारुड ऐकायला अक्षर यायची गरज नव्हती. म्हणून नाथषष्ठीच्या यात्रेत बाईला पहिली जागा मिळाली ती ऐकणारीची.

ऐकणारी बाई बोलायला कधी लागली? त्याचंही उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नाथांच्या नंतर सुमारे तीस वर्षांनी, १६२८ मध्ये, वेरूळच्या जवळ देवगावला बहिणाबाईंचा जन्म झाला. या संत बहिणाबाई. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या बऱ्याच पुढच्या काळातल्या. संत बहिणाबाईंचं लग्न अगदी लहानपणी एका वयानं खूप मोठ्या माणसाशी झालं. घर ब्राह्मणाचं. त्यांना ओढ लागली तुकाराम महाराजांची, आणि तुकाराम तर कुणबी वाणी. नवऱ्याला हे खपलं नाही. त्यानं मारहाण केली. हे आम्हाला कसं कळलं? कारण बहिणाबाईंनी ते स्वतः लिहून ठेवलं. आपल्या आयुष्याची हकिगत त्यांनी अभंगांत सांगितली. बाईच्या जन्माला आलो म्हणून देवाचं दार बंद का, हा प्रश्नही त्यांनी विचारला. संतांच्या कामाला देवळाच्या बांधकामाची उपमा देणारा तो प्रसिद्ध अभंग बहिणाबाईंच्या नावावर आहे. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला आहे. पैठणला जाणाऱ्या दिंड्या आपल्याला माहीत असतात, पण शिऊर किती जणींनी पाहिलंय? गटाची सहल काढायची असेल तर ठिकाण जवळ आहे.

आता दोन-अडीचशे वर्षं पुढं येऊ. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वाळूज, गंगापूर, पैठण सगळं. निजाम सरकारनं एक हुकूम काढला, त्याला गश्ती ५३ म्हणायचे. सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. चार माणसं राजकारण बोलायला जमली तरी सरकारला संशय. अशा राज्यात लोकांना जत्रा, कीर्तनं, मेळे यांचा आधार वाटायचा. जिथं जमायला बंदी नव्हती तिथं लोक जमायचे आणि जे बोलायचं ते बोलायचे. पुढं लढा पेटला, रझाकारांचा काळ आला. त्यात बायकाही उतरल्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके सशस्त्र लढ्यात होत्या. शेवटी १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, आणि गश्ती ५३ इतिहासजमा झाली.

पण मैत्रिणींनो, एक गश्ती कागदावर नव्हती, ती घराघरात होती. कुठं चाललीस, कशाला चाललीस, कधी येणार, सोबत कोण. सरकारची गश्ती गेली तरी ही राहिली. म्हणून बाईनं नेहमी असं कारण शोधलं ज्याला घरातून नाही म्हणता येणार नाही. देवाला जाते. हळदीकुंकवाला जाते. गटाचा हप्ता भरायला जाते. या तीन कारणांनी आपल्या किती जणींना उंबऱ्याबाहेर काढलं, याचा हिशोब आपल्यालाच ठाऊक.

आता ८ मार्च. काही जणी म्हणतात, हा शहरातल्या शिकलेल्या बायकांचा सण. तसं नाही. त्याची सुरुवात कामगार बायकांनी केली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांनी कामाचे तास आणि मजुरी यासाठी मोर्चे काढले. १९१० मध्ये कोपनहेगनला देशोदेशीच्या समाजवादी बायकांची परिषद झाली. तिथं क्लारा झेटकिन यांनी मांडलं की बायकांचा एक दिवस सगळ्या जगात पाळावा. १९१७ साली रशियात पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर गेल्या. तो दिवस ८ मार्चचा. आठवडाभरात तिथल्या बादशहाला गादी सोडावी लागली. पुढं १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला महाराष्ट्र सरकारनं महिला आर्थिक विकास महामंडळ काढलं. आपण ज्याला माविम म्हणतो ते हेच. आपल्यातल्या कितीतरी गटांची मुळं तिथं आहेत.

दोनच दिवसांनी १० मार्च. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. लोक रोग्याला सोडून पळत होते. सावित्रीबाई फुले छासष्ट वर्षांच्या होत्या, तरी प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. ८ मार्चला रांगोळी, संगीत खुर्ची, उखाणे होऊ द्या. हसणंही लागतंच. पण एक तास राखून ठेवू. गावातली कुठली मुलगी दहावीनंतर घरी बसली, कुठल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न या उन्हाळ्यात ठरतंय, हे त्या तासात बोलायचं. लग्नसराई याच दिवसांत असते. मुलीचं वय अठरा पूर्ण नसेल तर ते लग्न थांबवायला १०९८ या नंबरवर फोन करता येतो, आणि फोन करणारीचं नाव उघड केलं जात नाही. सावित्रीबाईंची पुण्यतिथी अशीही साजरी होते.

मग येतो पाडवा. आपण त्या दिवशी नवा शक मोजतो, शालिवाहन शक. परंपरा त्याला पैठणच्या शालिवाहनाशी जोडते. पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या राजघराण्यातल्या दोन बायकांची नावं दगडावर कोरलेली आहेत. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळच्या यज्ञांचा आणि दानांचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. राजानं आपल्या नावात आईचं नाव लावलं, ते दोन हजार वर्षांपूर्वी. महाराष्ट्र सरकारनं सरकारी कागदावर मुलांच्या नावापुढं आईचं नाव लिहिणं सक्तीचं केलं ते २०२४ मध्ये. गुढी उभारताना हेही लेकीबाळींना सांगायला हरकत नाही.

चैत्रगौर बसली की घरोघर हळदीकुंकू. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, ओटी. हा बायकांचा स्वतःचा सण. आता इथं थोडं थांबू या, कारण या सणात दारापर्यंत येऊन परत फिरणारी एक बाई आहे. जिचा नवरा गेला ती. अपघातात गेलेला, दारूनं गेलेला, कर्जापायी गेलेला. करोनात गेलेलेही आपण पाहिले. तिच्या कपाळाला कुंकू नाही, म्हणून तिला बोलावणं नाही. गटाच्या हप्त्याला ती पहिली, सणाला ती नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा आमच्या गावात बंद. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं मन एका दिवसात बदलत नाही, हे आपण जाणतो. पण ठराव झाला की बदल करू पाहणारी बाई एकटी पडत नाही. तिच्या पाठीशी गावाची सही असते. या चैत्रात आपल्या गटाचं हळदीकुंकू असेल तर पहिली ओटी अशा ताईची भरू. कुणी नाक मुरडलं तर हेरवाडचं नाव सांगू.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादला भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. त्यात बायका-मुली मोठ्या संख्येनं असतात. रात्रीच्या रस्त्यावर बाई निर्धास्त चालते, कारण हजारो जणी सोबत असतात. संख्येची ताकद ती हीच.

एप्रिलमधली भीमजयंती म्हणजे आपल्या भागातला फार मोठा उत्सव. बाबासाहेबांचं औरंगाबादशी नातं मिलिंद महाविद्यालयाचं. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती, तेव्हा १९५० मध्ये त्यांनी इथं कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याच नागसेनवनाच्या शेजारी पुढं विद्यापीठ झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून सोळा वर्षं लढा चालला, माणसं मेली, घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या मोर्चांत, त्या तुरुंगांत बायका होत्या.

त्याआधीची एक गोष्ट जयंतीच्या भाषणात कमी येते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुमारे पंचवीस हजार बायका आल्या. त्यांच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या बायकांनी ठराव केले ते बघा. नवऱ्यापासून सुटका मागायचा हक्क हवा. एका बायकोवर दुसरी करायला बंदी हवी. कामगार बाईला पगारी रजा हवी. हे स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी. समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावर मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. जयंतीच्या समितीत वर्गणी गोळा करायला, जेवण करायला बायका असतात. स्टेजवर किती असतात, हे यंदा मोजून बघू.

आणि आता १ मे. हा दिवस तीन पदरी आहे. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी संप केला, त्याची ही आठवण. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. वाळूजला तर दोन्हींचा अर्थ रोज दिसतो. इथं एमआयडीसी आली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून कुटुंबं आली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी ही गावं बघता बघता खोल्यांनी भरली. शिफ्टला जाणाऱ्या बाईला आठ तासांचं मोल सांगावं लागत नाही.

तिसरा पदर ग्रामसभेचा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, त्यातली एक १ मेच्या सुमाराची. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना तिसरा हिस्सा मिळाला. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आणि कायदा असंही सांगतो की ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची महिला सभा घ्यायची आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढं ठेवायचे.

ही ती रिकामी जागा. नाथषष्ठीला आपण हजारोंनी जातो, भद्रा मारुतीला रात्रभर चालतो, जयंतीला गल्ली भरून टाकतो. महिला सभेला किती जातो? कितीतरी गावांत ती फक्त सह्यांच्या वहीत होते. ग्रामसभेला कोरम लागतो शंभर मतदारांचा, किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्क्यांचा, यांतला जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही, तर पुढच्या वेळी मोजकी माणसं बसून गावाचा निर्णय करतात, आणि तो कायदेशीर असतो.

तिथं काय मिळतं? वाळूजच्या शेजारचं पाटोदा बघा. वेळेवर सगळा कर भरणाऱ्याला तिथल्या ग्रामपंचायतीनं दळण मोफत करून दिलं. दळणाचा डबा कुणाच्या डोक्यावर असतो? बाईच्या. असा निर्णय पंचायतीत होऊ शकतो. मे महिन्यात टँकर कुठल्या वस्तीला आधी, नळ किती दिवसांनी, संडासाचं पाणी, गल्लीतला दिवा, सगळं तिथं ठरतं. दारूचं दुकान बंद करायची वाटही कायद्यात आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ताईंनी एक लक्षात ठेवा. ग्रामसभेत हक्क मतदार यादीत नाव असणारीचा. नाव अजून गावाकडं असेल तर ८ नंबरचा फॉर्म भरून इथल्या यादीत आणा. तुमच्या भागाच्या बीएलओ ताई मदत करतात.

तर या वसंतात सगळीकडं जायचं. पैठणला जाऊ, गौरीला जाऊ, जयंतीत नाचू. आणि होळीनंतरच्या गटाच्या पहिल्या बैठकीत ग्रामपंचायतीला एक अर्ज लिहू. १ मेच्या आधी महिला सभा कुठल्या दिवशी, किती वाजता, हे आम्हाला लेखी कळवा. वेळ बायकांना जमेल अशी ठेवा. अर्जावर दहा जणींच्या सह्या आणि पोच घ्यायची. सभेत मांडायचा एक विषय आधीच ठरवायचा. पाण्याचा असो, दिव्याचा असो, हेरवाडसारखा असो. बोलायला दोघी ठरवायच्या, म्हणजे एकीचा आवाज अडला तर दुसरी पुढं बोलेल.

राम राम, जय भीम, सलाम. भेटू महिला सभेला.